दोनशे बारा बाइट

देवगड. बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
खाली लाद्या फोडतात, वर टेबल थरथरतं.
टेबलावर सात फोन, सातही चार्जरला.
आठवा रुझारकडे, खाडीपलीकडे मिठमुंबरीत,
जिथे टॉवरची एकच काडी येते
आणि तीही घाईतल्या पाहुण्यासारखी, टेकत नाही.

शर्यत सुरू केली.
आठ होड्या, आठ शिडं, मी रंगवलेला समुद्र.
दुसऱ्या मिनिटाला रुझारची हाक:
"गो, तुझी होडी माडार चढली!"

माझ्याकडे तर मी पाण्यातच होते.
हसू आलं, मग नाही आलं.
माझं वळण त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं;
शेवटची दिशा धरून बिचारी सरळ चालत गेली,
पुळण ओलांडून, कुणाच्या तरी परड्यातून.

आणि संध्याकाळी हिशेब:
आठ मिनिटांच्या एका शर्यतीला एकवीस एमबी.
"आवस इचारता, अर्दो नेट खंय गेलो?"

पाकिटं उघडून बसले.
सेकंदाला तीस, प्रत्येकात दोनशे बारा बाइट:
होडी कुठे, तोंड कुठे, वेग किती,
आणि त्याच्या जोडीला, तितक्याच वेळा,
होडीचं नाव, मालकाचं नाव, शिडाचा रंग,
जणू समोरचा दर श्वासाला विसरतोय.

खाली मुकादमाच्या टेबलावर वायरलेस खरखरतो.
विसू तारीचा आवाज, एवढाच:
"बारा वाव. बांगडो. परततंय."
कोण, ते कुणी विचारत नाही.
कुठवर आला, तेही नाही;
पहाटे कुठे तोंड करून गेला ते ठाऊक, वारा ठाऊक.
तेवढ्यावर मुकादम ठरवतो
किती लाद्या फोडायच्या, आणि कधी.

मग मी कापायला घेतलं.
नाव एकदाच, बंदर सोडताना.
रंग तर भर समुद्रात कोण बदलतो?
जागा वितीच्या मापाने, केसाच्या नको.
बदललं तेवढंच सांगायचं,
धुक्यापलीकडच्या होडीची खबर सेकंदातून एकदा.
मधलं अंदाजाने,
आणि अंदाज चुकला तर उडी नाही मारायची,
हळूच सरकवायची होडी,
झोपलेल्या पोराखालून चटई काढावी तशी.

मुद्दाम बिघडवूनही पाहिलं:
शंभरातली दहा पाकिटं बुडवली,
उरलेली अडवली पाव पाव सेकंद.
नंतर तेही बंद केलं.
रुझारची ती एक काडी
माझ्या सगळ्या बनावट वादळांना पुरून उरत होती.

चौथ्या रात्री: सेकंदाला दहा पाकिटं,
प्रत्येकी एकोणीस बाइट.
शर्यत संपली, एक एमबीसुद्धा नाही.
माडावर कुणी चढलं नाही.
"कसा वाटता रे?"
पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन गेली.
"बरा. पण शेजारसून गेलंस
तरी हात नाय केलंस."

हात मीच काढला होता.
वगळायच्या यादीत तिसरा,
शेरा माझ्याच अक्षरात: शर्यतीला उपयोग नाही.

परत घातला. वर किंवा खाली, एका बिटाचं काम.
फक्त त्याला वेगळी वाट दिली:
होडीची जागा हरवली तर हरवू दे,
पुन्हा पाठवेपर्यंत ती शिळी होते,
मागून ताजी येतेच आहे.
हात मात्र पोचेपर्यंत पाठवत राहायचा.

एकोणीसचे वीस झाले.
खाली लाद्या फोडायला लागले होते,
म्हणजे विसू तारी दीपगृहापर्यंत आला असणार.