करदोडा

उपकेंद्राचा टेप उंदरानं कुरतडला,
म्हणून रशीद टेलरचा मागून आणला.
"मॅडम, इंचभर ढील द्यायची सवय आहे त्याला."

जिंतूर रोडच्या जिनिंगवर तपासणी.
अयोध्याबाई म्हणतात, निऱ्यांवरूनच मोज,
आत काय सोनं लपवलंय का माय.

नागोराव मुकादम सदरा वर धरतात, भिंतीकडं बघत.
करदोडा दिसत नाही,
बोटानं शोधावा लागतो,
आडाच्या दगडात दोर रुतावा तसा रुतलेला.

उंची एकशे चौसष्ट, तिचं अर्धं ब्याऐंशी.
टेप ब्याऐंशीला थांबत नाही.
नव्वद. एकशे तीन.
"पण दुखत तर काहीच नाही."
तेच तर, नागोराव.

मग दंडावरचा पट्टा फुगतो, सुस्कारतो:
एकशे बासष्ट, शंभर.
कंबर कधीचीच सांगत होती,
यंत्राला आज कळलं.

गोळ्या, मीठ, लोणचं, सगळं ऐकून घेतात.
मी कात्री उचलते तेव्हा मात्र हात धरतात,
"जित्या माणसाचा तोडतात का कुठं?"

तोडलाच शेवटी.
पोरगं दुकानातून नवा आणेपर्यंत
दोन्ही टोकं चिमटीत धरून उभे होते.
जुळत नव्हती.