जुळं

दोन बुरणूस एकावर एक ठेवायचे,
एक लाल, एक काळा.
खडूने वर मेंढ्याची शिंगं काढायची
आणि सुरी दोघांतून एकदमच फिरवायची.
मग लालातलं काळ्यात बसतं,
काळ्यातलं लालात.
शिरदाक कधी एकटा जन्मत नाही, सासू म्हणते,
आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही.

सासूचं नाव बुरुलचा. बोटं वाकडी, नजर सरळ.
काम तिचं. टंकायचं माझं.

आमचं गाव नारीनच्या वर, अडीच तास.
रेंज गावात येत नाही.
ती राहते कबरस्तानाच्या मागे, चढावर,
पाण्याच्या गंजक्या टाकीपाशी.
थंडीने बॅटरी मान टाकते,
म्हणून फोन काखेत धरून नेते मी,
नुकतं जन्मलेलं कोकरू न्यावं तसा.
पूर्वी तिथे फक्त नवऱ्याचा आवाज ऐकायला जायची,
येकातेरिनबुर्गहून, टॅक्सीच्या दोन भाड्यांमधला.

त्याआधी दलाल यायचा.
दोन वाट्या चहा प्यायचा,
शिरदाकाची कड बुटाने उलटायचा
आणि भाव सांगायचा.
बुटाने.
सासू ते अजून सांगते, भाव विसरली तरी.

पहिला फोटो मी टाकीच्या झाकणावर काढला.
खाली लिहिलं: कोचकोरची शिंगं.
कोचकोर म्हणजे मेंढा.
खालच्या मोठ्या गावाचंही नाव तेच.
भाषांतराच्या यंत्राने शिंगं गावालाच लावली.
तरी ओउलूच्या टुलिक्कीबाईंनी घेतला.
एकोणीस हजार सोम आले फोनमध्ये, आवाज न करता.
त्यांतून कोळसा आला, लोकर आली,
पोराचे बूट आले, एक नंबर मोठे.

पाच आठवड्यांनी निरोप:
फोटोत लाल आहे तिथे माझ्याकडे काळं आहे.
हा तो नव्हे. पैसे परत करा.

मी घडी घालताना जुळं बदललं होतं.
पैसे कुठून परत करणार?
कोळशाचा धूर गोळा करून?

बुरुलचा तेव्हा सत्तरीची.
कबरस्तानापलीकडे ती चढली नव्हती कधी
(अजून घाई नाही, म्हणायची).
त्या दिवशी राहिलेला शिरदाक गाढवावर घातला
आणि माझ्यापुढे चालू लागली.
टाकीपाशी तो बर्फावर पसरला,
फोनकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहावं तसं,
आणि म्हणाली,
“बाई, हा तुझ्याकडच्याचा भाऊ.
एकाच सुरीने दोघं सुटले.
याच्या पोटातलं त्याच्या पोटात आहे.
चूक सुनेची. हवा तर हाही पाठवते,
तो परत कर. पण एकदा नीट बघ.”

अर्धं बोलणं वाऱ्याने नेलं.
उरलेलं मी टंकलं, यंत्रावर विश्वास न ठेवता,
सोप्या सोप्या शब्दांत.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी एक फोटो:
काळ्या शिंगांवर एक म्हातारा कुत्रा झोपलेला.
खाली एकच ओळ, राहू द्या.
माफी नाही, कौतुक नाही. राहू द्या.
सासूने विचारलं, कुत्र्याचं नाव काय.
ते काही बाईंनी कळवलं नाही.

आता मी दोन्ही जुळ्यांचे फोटो काढते.
पलीकडची सेयिलकान आपले आणते, तिची जाऊही आणते.
दर आमचा आम्ही ठरवतो,
आणि त्यावरून भांडतोही, टाकीपाशी,
मेलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात.

एक वही ठेवली आहे, दोन रकान्यांची.
पहिल्यात ओउलू, दुसऱ्यात लिऑं.
पहिल्यात ग्राझ, दुसऱ्यात अजून कुणी नाही.
कधीकधी दुसरा रकाना
वर्षभर रिकामा राहतो.
तो शिरदाक आम्ही घरात अंथरतो,
त्यावर बसून जेवतो.
आणि भाकरीचा चुरा झटकताना
मी लाल शिंगाच्या कडेवरून बोट फिरवते,
जिथे शिवण आहे,
जिथून दुसरा गेला.