रकाना चार

मे महिना. जळगावात पंखाही गरम हवाच वाटतो.
समोर जेन्नारो, घामेजलेला, मांडीवर रेवा.
रावेरच्या साइडिंगला सापडलेली,
केळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये,
अंगावर एक वाळलं पान, तेवढंच पांघरूण.

रकाना चार, आडनाव: दोन वर्षं तिथे नुसती रेघ.

मी झोपे. माझ्या आडनावावरचे विनोद
ऑफिसात चहाबरोबर येतात, दिवसातून दोनदा.
म्हणून विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?

माझं शाईचं पेन घेऊन
त्यानं पाकिटाच्या पाठीवर भिंत काढली,
भिंतीत लाकडी चाक, आडवं, पोकळ.
दुभाषी पोरगी अडखळत सांगत गेली:
रात्री बाहेरून कुणी त्यात मूल ठेवी,
घंटा वाजवी, निघून जाई.
आतली बाई चाक फिरवी.
नेपल्सच्या त्या भिंतीतून आलेल्यांना एकच आडनाव,
एस्पोझितो.
बाहेर ठेवलेला.

"माझ्या पणज्याचा बाप," म्हणत
त्यानं चाकावर बोट टेकवलं. शाई ओली होती.

दाराशी गुंताबाई, रेवासाठी
कळण्याची भाकर दुधात कुस्करत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
"म्हंजे हाऊ आपलाच शे."

रेघ मी खोडली नाही.
तिच्यावरूनच लिहीत गेलो, सावकाश.
मधेच माझा झ आला,
हात जरासा थांबला.

रेवा त्याचं निळं बोट
तोंडात घालू बघत होती.