कसं वाटून राहिलं

रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव कुणी सांगत नाही.
मानकापूरच्या अलीकडेच उतरतात, चालत येतात.
मे महिना त्यातल्या त्यात बरा.
तोंडावरचा दुपट्टा उन्हासाठी की लाजेसाठी,
नागपुरात तेव्हा कुणी विचारत नाही.

मी केसपेपर लिहितो.
नाव, वय, पत्ता, झोप, भूक.
‘तक्रार’ या शब्दापुढं दीड इंच जागा.

नवी डॉक्टरबाई केरळची.
मराठी शिकली ती पुस्तकातून,
म्हणून पेशंट बोलला की आधी माझ्याकडं बघते.

दशरथ हेडाऊ जरीपटक्यात कूलर दुरुस्त करतो.
म्हणाला, पंखा फिरून राहिला साहेब,
मोटर चालू, आवाज बी बरोबर येते,
पण पाणी वर चढून नाही राहिलं.
ताट्या कोरड्या ठाक.
घरच्याइले वाटते, कूलर तं चालू आहे.
समोर बसते त्याले इचारा,
नुसती झळ.

मी डॉक्टरबाईला सांगितलं, पंप.
तिनं छातीवर हात ठेवला, हार्ट?
म्हणालो, नाही बाई. पंप.
आणि दीड इंचात लिहिलं:
उत्साह कमी.

मैनाबाई पौनीकर तीन खेपा काहीच बोलल्या नाहीत.
चौथ्या खेपेला, उठता उठता,
मागून पदर धरते कोणी तरी. रोज. दारातच.
वळून पाहते तं
माणूस नाही, खिळा नाही.
हे मला सांगावं लागलं नाही.
डॉक्टरबाईनं आपल्याच खुर्चीमागं
एकदा हळूच पाहून घेतलं.

धरमपेठेतला एक पोरगा आला, शिकलेला.
अंधार म्हणाला, विहीर म्हणाला, खोल म्हणाला.
बाई भराभर लिहीत होती.
मग तोच थांबला. सॉरी, म्हणाला,
हे मी कुठंतरी वाचलं होतं.
विहिरीत निदान आवाज घुमतो.
माझं म्हणजे,
रात्रभर मोबाइल चार्जिंगला लावला
आणि बटणच दाबलं नव्हतं.
सकाळी चार टक्के.
आई म्हणते, झोपला होतास की आठ तास.

जूनच्या आधी दशरथ गोळ्या घ्यायला आला,
आणि ओपीडीचा बंद कूलर पाहून राहवेना त्याला.
पान्हा सोबतच होता.
पाणी चढलं, ताट्या भिजल्या,
तो थोडा वेळ समोर उभा राहिला.
आता कसं, मी विचारलं.
ह्याचं झालं, म्हणाला.

तान्ह्या पोळ्याला सिंधू मला इतवारीत घेऊन गेली,
घरात बसून बसून बुरशी चढेल म्हणाली.
पिवळी मारबत गर्दीवरून डुलत आली.
लोक ओरडत होते,
खोकला घेऊन जा गे मारबत,
मच्छर घेऊन जा, डेंगू घेऊन जा,
एक म्हातारा तर सुनेचं नाव घेत होता.
मलाही ओरडायचं होतं.
तोंड उघडलं.
काय घेऊन जा म्हणू?
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी लिहितो,
माझ्या तक्रारीला नाव नव्हतं.
मारबत गेली पुढं, जळायला.
सिंधूनं विचारलं, दमलास?
हो म्हणालो. सोपं होतं.

घरी मी बरा असतो.
म्हणजे, कूलर चालू असतो.

परवा गर्दी ओसरल्यावर
डॉक्टरबाईनं टेबलावर एक कोरा केसपेपर सरकवला
आणि जपून, एकेक शब्द चाचपत विचारलं,
तुम्हाले कसं वाटून राहिलं?
उच्चार अगदी मैनाबाईंचा.

नाव लिहिलं. वय लिहिलं.
झोप लिहिताना जरा खोडाखोड झाली.
मग ते दीड इंच.
मोटर दशरथची, पदर मैनाबाईंचा,
चार टक्के त्या पोराचे,
उसनं किती लिहिणार?
म्हणालो, पुढच्या मंगळवारी सांगतो.

चालेल, ती म्हणाली,
तेच लिहा.
मी लिहिलं:
मंगळवार.