वडगाव, मे महिना

पोरगं झोपेना.
ताप नाही, दात येत नाहीत, पोटही मऊ.
तिसऱ्या रात्री यांच्या ध्यानात आलं :
जन्मल्यापासून शंभू मागाच्या आवाजात झोपलाय,
खटॅक-खट, खटॅक-खट,
आमच्या ओळीत सोळा माग, भिंतीला भिंत,
आणि आता सगळं एवढं गप्प
की पाल चुकचुकली तरी कुणी आलंसं वाटतंय.

थोरलीला कसली फिकीर नाही.
गौतमीनं कांडीवरचं उरलेलं सूत घेतलं,
आमच्या ओट्यापासून नीलव्वाच्या ओट्यापर्यंत बांधलं
आणि भर गल्लीत नाका उघडला.
नीलव्वाचा ईरण्णा हवालदार.
दूधवाला आला, "पास तोरसी."
मांजर आलं, "पास तोरसी."
मांजर सुताखालून गेलं.
त्यावरून दोघांचं भांडण, अर्धं कानडी, अर्धं मराठी,
मास्क दोघांच्याही हनुवटीवर.
जरीच्या काठाचे आहेत, मीच शिवले,
कोल्हापूरचा व्यापारी लग्नसराईला उचलणार होता
त्या साड्यांचे.

खरा नाका शिनोळीच्या वाटेवर.
जेसीबीनं मातीचा ढीग घातलाय म्हणे.
इतकी वर्षं सीमा मी पाट्यांवर पाहिली,
मोर्च्यात ऐकली, जेवताना सासऱ्यांच्या तोंडून ऐकली.
कोवाडला बहिणीकडे जाताना मात्र
एसटीत डुलकी लागायची
आणि तेवढ्यात ती मागं पडायची.

रविवारी हे सायकलनं गेले.
भावजी त्या अंगाला, हे या अंगाला.
ढिगावर फणस ठेवून भावजी मागं सरले,
मग हे पुढं झाले.
काय बोलला दोघं, मी विचारलं.
"बरका हाय म्हणाला."

फणस आधी साबणानं धुतला,
त्याच्या एकेका काट्याला फेस.
मग कापला, आणि एकेकाला विचारलं, वास येतोय?
गौतमीला येतोय. यांना येतोय.
शंभूनं गरा नाकात घालायला घेतला.
स्वतःला मी दोनदा विचारलं,
रात्री भांडी घासताना
अजून एकदा.

झोपेचं मात्र तसंच.
हे पाटावर मुठी आपटायचे,
तोंडानं खटॅक-खट करायचे.
शंभू ऐकायचा, डोळे टक्क उघडे,
खोटी नोट परत करणाऱ्या वाण्यासारखा.

काल साडेदहाला हे उठले.
दोन महिने मागावर घातलेली चादर काढली.
सूत नव्हतंच. धोटा तसाच घातला, बिनकांडीचा,
आणि बटण दाबलं.

घर हललं. फळीवरचे डबे वाजले.
मग गल्लीतली दारं,
एक, दोन, पाठोपाठ सगळीच.
समोरचे परशराम अण्णा बनियनवर आले,
हातात तेलाची बुदली.
"काम आलं काय वो?"
माग चालू असताना बोलायची ती जुनी पद्धत,
ओरडून, ओठ मोठे करून.

हे दारात गेले.
"नाही अण्णा. पोरगं झोपवालोय."

कुणी हसलं नाही.
बुदलीचं काय करावं ते अण्णांना कळेना,
त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली.
पलीकडून नीलव्वा म्हणाली,
"इरली बिडरी, चालू इरली."

आत कुणी गेलं नाही.
जो तो आपापल्या उंबऱ्यावर.
सूत अजून गल्लीत ताणलेलंच, दिव्याखाली दिसत होतं.
अण्णा पायरीवर बसले, आणि थोड्या वेळानं
त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबू लागला,
हातमागाचा पाय, तीस वर्षांपूर्वीचा.

शंभू केव्हाच झोपला होता, तोंड उघडं,
बोटाला फणसाचा चीक.
हे स्टार्टरवर हात ठेवून उभे.
मीटरचं चाक लाल ठिपका घेऊन फिरत होतं.
मार्चचं बिल तांदळाच्या डब्याखाली आहे.

बंद करा, असं मी म्हटलं नाही.