ओलं कापड दुमडू नये

वर्षाचे अकरा महिने आरोलकरांची गाडी
उभादांड्याला, मांगरात उभी.
मालक मस्कतला. मी इथे.
पगार महिन्याच्या महिन्याला, काम म्हणाल तर एकच:
छप्पर.

पत्र्याचं नव्हे, कापडाचं.
बटण दाबलं की मागे मुडपून बसतं म्हणे.
मी बटण दाबत नाही.
मला तसं सांगितलेलं नाही.

आश्विन लागला की मांगराचं दार काढतो.
चार महिन्यांचा दमटपणा
शिवणींतून हिरवा उगवलेला असतो,
मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला पिवळी साय.
आधी सुका ब्रश, घोड्याच्या केसांचा, त्यानेच पाठवलेला.
काचेकडून मागे, एकाच दिशेने,
मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.
उलटा फिरला तर कापड लव उभी करतं
आणि वर्षभर धूळ धरून बसतं.

मग पाणी.
आमच्या विहिरीचं नको, ती मोठ्या भरतीला मचूळ होते.
वरच्या झऱ्याचं, चार कळशा.
कपड्यांची पावडर चालत नाही, ब्लीच तर नाहीच नाही,
तान्ह्या मुलाला लावतात तो साबण, कोमट पाण्यात.
फेस आधी तपकिरी निघतो, मग चहासारखा,
मग बराच वेळ राखाडी.
एकदा बोटावर घेऊन चाखला.
मीठच होतं.

जांभळाचा डाग गेला नाही.
तो पुढच्या वर्षी.

माझा बाप शिडं शिवायचा.
बंदरावरचं शेवटचं शीड उतरलं तेव्हा मी सातवीत होतो.
पुढे तो ट्रकांच्या ताडपत्र्या शिवू लागला
आणि बोलायचा कमी झाला.
पण होडीवरून कुणी घाईने कापड गुंडाळताना दिसलं
की तिथूनच ओरडायचा,
'वल्यान घडी घालू नको रे, कापाड आतसून कुसता!'
आरोलकर तेच दर वर्षी इंग्रजीत पाठवतो,
पुढे तीन उद्गारचिन्हं.

यंदा डाव्या कोपऱ्यात
उंदराने दोन बोटं जागा कुरतडलेली.
फोटो काढला.
पाठवला नाही.
दोन दिवस छप्पर ताणून, सावलीत वाळू दिलं.
तिसऱ्या दिवशी, टाका आतून घ्यायचा म्हणून,
बटण दाबलं.

कण्हलं. थांबलं. मग उठलं,
म्हातारं माणूस खाटेवरून उठतं तसं, आधी कंबर, मग खांदे.
मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून वर बघितलं.
आभाळ नव्हतं.
मांगराचीच झापं, आणि त्यांना पडलेली भोकं.

बापाची तिधारी सुई ट्रंकेत सापडली,
मेणाचा गोळा खडखडीत झालेला, विस्तवाजवळ धरला.
दुमड किती ठेवायची ते मी विचारणार कुणाला,
अंगठ्याने ठेवली.
शीड वारा अडवायला शिवतात, हे वारा सोडून द्यायला.
टाका तोच चालतो. निदान अजून चाललाय.

शेवटी डब्यातलं औषध, पाणी न धरणारं,
काचेला वर्तमानपत्र चिकटवून, नाकाला पंचा बांधून.
वाळल्यावर पेलाभर पाणी ओतून बघितलं:
थेंब गोल होऊन घरंगळले, अळवावरून जातात तसे,
पण अळू हे फुकटात करतं.
शेवंती दारात उभी होती.
म्हणाली, 'ह्यातला थोडा आमच्या कौलांक लावलास तर?'
मी हसलो. ती हसली नाही.

डबा कानाशी हलवला.
दोन कौलांपुरतं होतं.
चुलीवरची दोन उतरवून घासली, वाळवली, फवारली,
परत चढवली.
चालतंय की नाही
ते मिरगात कळेल.

आरोलकरला फोटो पाठवला,
उजव्या बाजूने.