डाग

फोन आला तेव्हा मी जेवत होते.
"पोरी, दुकान फाटलंय," म्हणाले बापूसो देवकर.
दुकान कोइमतूरला.
फाटलं होतं ते इथं, विट्यात, कराड रस्त्याला,
पहिल्या मजल्यावर, नातवाच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

ब्राउझर उघडला.
कॅमेऱ्याच्या चौकटीत शहाजीचा खांदा
दोन बोटं डावीकडं सरकलेला,
डोकं मात्र होतं तिथंच.
भट्टीच्या जागी हिरवा पट्टा,
तराजूच्या एका पारड्यात काळे चौकोन,
आणि माउस हलवला की सगळं
ओल्या धोतरासारखं पिळवटायचं.

कॅश पुसली.
एक्स्टेन्शनं काढली, एकेक, नावं वाचून.
दुसऱ्या ब्राउझरात बघितलं: तिथंही तेच,
फक्त पट्टा जांभळा.

बापूसो खुर्चीची पाठ धरून उभे.
तीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं गाळलेला माणूस.
बोटांवर ठसे नाहीत, ते आम्लानं नेले;
आधारच्या मशीनला हा माणूस अजून पटत नाही.
"आमच्यात कसंय," म्हणाले,
"खोट कशाची, ते आदी ठरवायचं न्हाई.
आच द्यायची. काय काय जळतंय बघायचं."

मग मी माझ्या मोबाइलवर तेच पान उघडलं.
शहाजी धड. खांदे जागेवर.
म्हणजे कोइमतूर निर्दोष.
स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर घेतला.
पट्टा त्यातही.
म्हणजे काच निर्दोष, वायर निर्दोष.
उरलं मधलं: चित्र रंगवणारं कार्ड
आणि सहा वर्षांत कुणी हात न लावलेला
त्याचा ड्रायव्हर.

सेटिंगात खाली खाली गेलं की
हार्डवेअर ॲक्सिलरेशनचं बटण असतं.
ते बंद केलं. ब्राउझर मिटला, उघडला.

पट्टा गेला. चौकोन गेले.
शहाजी आता थांबत थांबत चालत होता.
हात उचलला की मधलं काही दिसायचं नाही,
एकदम फोन कानाला लागलेला.
"जरा हळू झालंय," मी म्हटलं. सांगावं लागतं.
"हळू असू दे," बापूसो म्हणाले, "पर अख्खा हाय."

एक डाग तेवढा राहिला.
सराफाकडं डाग म्हणजे दागिना,
माझ्याकडं डाग म्हणजे परत फोन.
वर, छताच्या कोपऱ्यात, काळा, कडा पुसट.
रिफ्रेश केलं. झूम केलं.
ओढणीनं काच पुसली.
विंडो सरकवली तर तोही सरकला तिच्याबरोबर.
शेवटी नवा ड्रायव्हर उतरवायला लावला,
चारशे एमबी, आणि नेट विट्याचं.

बापूसो पुढं वाकले. चष्मा कपाळावर सारला.
गुळगुळीत बोट काचेवर टेकवलं.
"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो माझा हाय.
अठ्ठ्याऐंशीपासनंची काजळी."

मी डाउनलोड रद्द केलं.

दीडशे झाले. त्यांनी दोनशे दिले
आणि जिन्यापर्यंत आले सोडायला.
"तो मगाचा फाटका फोटो
हाय न्हवं तुझ्याकडं?
धाडून ठेव माझ्या फोनवर.
हिला दाखवायचा हाय.
रोज म्हणती,
पोरगं तिकडं जाऊन बदललंय."